न मारणारी सोंगटी

बुद्धिबळाच्या पटावर काहीच झाकलेले नसते. प्रतिस्पर्ध्याचा घोडा कोठे आहे, उंट कोणत्या तिरक्या रेषेवर नजर ठेवून आहे, हे दोन्ही खेळाडूंना सारखेच दिसते. फसगत होते ती दिसूनही लक्षात न आल्यामुळे. समुद्रावरील लढाईत परिस्थिती नेमकी उलट असते. तेथे शत्रू किती आहे यापेक्षा तो कोठे आहे हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. ज्याला तो आधी सुटतो त्याचे निम्मे काम झालेले असते.

म्हणूनच आरमारी लढाईचे खेळ रचणाऱ्यांना एक वेगळीच सोंगटी लागते. ही सोंगटी कोणालाही मारत नाही. तिच्याजवळ तोफ नाही, क्षेपणास्त्र नाही. वेगातही ती इतर विमानांच्या मागे असते. तरीही ती पटावर आहे की नाही, यावर डावाचा निकाल ठरू शकतो. विमानवाहू जहाजावरून उडणारे रडार टेहळणी विमान ही ती सोंगटी.

या लेखात आपण ही सोंगटी कागदावर तयार करणार आहोत. तिला किती घरे दिसावीत, ती किती घरे चालावी, किती वेळ पटावर राहावी, हे आकडे मनाने ठरवायचे नाहीत. भूमिती आणि भौतिकशास्त्र यांच्याकडून मागून घ्यायचे. दहावीच्या विद्यार्थ्याला येणाऱ्या गणिताबाहेरचे काही त्यासाठी लागणार नाही.

झाकलेला पट

दोन्ही बाजूंना सर्व काही दिसू न देता खेळायचे, ही कल्पना जुनी आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसवित्झ या तरुण अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा एक युद्धखेळ आपल्या वरिष्ठांपुढे मांडला. त्यात एक पंच असे. खेळाडू आपले हुकूम लिहून पंचाकडे देत आणि त्यांच्या तुकडीला जेवढे दिसणे शक्य आहे तेवढेच पंच त्यांना दाखवी. पुढे अमेरिकन आरमाराच्या न्यूपोर्ट येथील युद्ध महाविद्यालयात मोठ्या फरशीवर छोटी जहाजे मांडून असे खेळ होऊ लागले. तेथे दोन्ही पक्षांच्या मध्ये पडदे लावलेले असत.

संगणक आल्यावर पंचाचे काम यंत्राकडे गेले. वॉल्टर ब्राइट यांच्या १९७७ सालच्या ‘एम्पायर’ या खेळात पट सुरुवातीला कोरा असे आणि सोंगट्या पुढे सरकतील तसतसा तो उलगडत जाई. लॅरी बाँड हे अमेरिकन आरमारातील माजी अधिकारी. त्यांनी ‘हार्पून’ हा खेळ रचला. आधी तो कागद-पेन्सिलीवर खेळला जाई, १९८९ साली तो संगणकावर आला. कोणते रडार चालू ठेवायचे आणि कोणते बंद, हाच त्यातील मोठा पेच असतो.

अशा खेळांत प्रत्येक सोंगटीला दोन आकडे असतात: ती किती घरांपर्यंत मारते आणि किती घरांपर्यंत पाहते. आपल्या सोंगटीचा पहिला आकडा शून्य आहे. आता दुसरा काढू.

क्षितिज किती दूर?

रडार रेडिओ तरंग पाठवते आणि एखाद्या वस्तूवर आदळून परत आलेला त्यांचा प्रतिध्वनी टिपते. हे तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वी मात्र गोल आहे. त्यामुळे काही अंतरानंतर समुद्राचा पृष्ठभाग रडारच्या रेषेखाली वळतो, आणि त्याच्या आड जे आहे ते रडार कितीही चांगले असले तरी दिसत नाही.

फळ्यावर एक वर्तुळ काढा. त्याची त्रिज्या त्रि, म्हणजे पृथ्वीची त्रिज्या. वर्तुळापासून उ एवढ्या उंचीवर एक बिंदू घ्या. हे आपले रडार. तेथून वर्तुळाला स्पर्शिका काढा. स्पर्शबिंदूपर्यंतचे अंतर अं हे क्षितिजाचे अंतर. स्पर्शिका आणि त्रिज्या यांच्यात काटकोन असतो. म्हणून पायथागोरसच्या प्रमेयानुसार

(त्रि + उ)² = त्रि² + अं²

यावरून अं² = २ × त्रि × उ + उ². पृथ्वीच्या त्रिज्येपुढे उंची अगदी नगण्य असल्याने शेवटचे उ² सोडून दिले तरी चालते. त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरून आणि उंची मीटरमध्ये घेऊन सूत्र असे होते: क्षितिजाचे अंतर (किलोमीटर) = ३.५७ × √उंची.

रडारसाठी यात एक छोटी दुरुस्ती करावी लागते. हवा खाली दाट आणि वर विरळ असते. त्यामुळे रेडिओ तरंगांचे किंचित वक्रीभवन होऊन ते पृथ्वीच्या बाजूला झुकतात आणि क्षितिजाच्या थोडे पलीकडे पोहोचतात. सर्वसाधारण हवामानात हा परिणाम पृथ्वीची त्रिज्या ४/३ पट मोठी धरल्यासारखा असतो. मग ३.५७ च्या जागी ४.१२ येतो.

आता आकडे घालू. जहाजाच्या डोलकाठीवर २५ मीटर उंचीवर रडार आहे. √२५ = ५, म्हणून क्षितिज ४.१२ × ५ = २०.६ किलोमीटर. समोरून शत्रूचे विमान पाण्यापासून २५ मीटर उंचीवरून येत असेल, तर त्याचेही क्षितिज २०.६ किलोमीटर. दोन्ही क्षितिजे जेथे भेटतात तेथे दृष्टीची रेषा जुळते. म्हणजे जहाजाला ते विमान सुमारे ४१ किलोमीटरवर असताना प्रथम दिसेल. ताशी ९०० किलोमीटर, म्हणजे मिनिटाला १५ किलोमीटर वेगाने येणारे विमान हे अंतर पावणेतीन मिनिटांत कापते. पाण्यालगत ४ मीटर उंचीवरून येणारे क्षेपणास्त्र तर २९ किलोमीटरवर दिसेल. सेकंदाला ३१५ मीटर वेग धरला तर हाती राहतात फक्त ९० सेकंद.

हेच रडार आता ८१०० मीटर उंचीवर नेऊ. (वर्गमूळ सोपे निघावे म्हणून हा आकडा निवडला आहे, अशी विमाने साधारण याच उंचीवर फिरतात.) √८१०० = ९०, म्हणून क्षितिज ३७१ किलोमीटर. २५ मीटरवरून येणाऱ्या विमानाचे २०.६ किलोमीटर त्यात मिळवले की ३९१ किलोमीटर होतात. पावणेतीन मिनिटांऐवजी आता २६ मिनिटे मिळाली.

दृष्टीच्या क्षेत्रफळाकडे पाहिले तर फरक आणखी ठळक होतो. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात आणि क्षितिजाच्या अंतराचा वर्ग उंचीच्या प्रमाणात. म्हणजे दिसणाऱ्या समुद्राचे क्षेत्रफळ थेट उंचीच्या प्रमाणात वाढते. २५ मीटरवरून ८१०० मीटरवर गेलो तर उंची ३२४ पट झाली, आणि दिसणारा समुद्रही ३२४ पट झाला.

शक्ती वाढवून का भागत नाही?

विद्यार्थी येथे हमखास एक शंका काढतात: जहाजावरच अधिक शक्तिशाली रडार बसवले तर? त्याचे पहिले उत्तर वर आलेच आहे. पृथ्वीच्या आड असलेली वस्तू शक्ती वाढवून दिसत नाही. जास्त प्रखर विजेरीने भिंतीपलीकडचे दिसत नाही तसेच.

दुसरे उत्तर वर्गाच्या व्यस्त प्रमाणाच्या नियमात आहे. रडारचे तरंग पसरत जातात. अंतर दुप्पट झाले की लक्ष्यावर पडणारी शक्ती एक-चतुर्थांश होते. तेथून परत फिरलेले तरंगही तसेच पसरत येतात, म्हणून पुन्हा एक-चतुर्थांश. म्हणजे प्रतिध्वनी एक-षोडशांश होतो. तेच रडार दुप्पट अंतरावर पाहण्यासाठी १६ पट शक्ती लागते. उंची मात्र चौपट केली की क्षितिज दुप्पट होते.

तरीही नुसती उंची पुरत नाही. वरून खाली पाहणाऱ्या रडारला समुद्राच्या लाटांचेही प्रतिध्वनी येतात, आणि त्या गोंगाटात छोटे विमान हरवते. येथे डॉप्लर परिणाम मदतीला येतो. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा स्वर चढा वाटतो आणि दूर जाताना उतरतो. तसेच वेगाने येणाऱ्या विमानावरून परतलेल्या तरंगांची वारंवारता बदलते. लाटांचा वेग कमी, म्हणून त्यांच्या प्रतिध्वनीत हा बदल फारच थोडा असतो. या फरकावरून विमान वेगळे काढता येते.

डोळा आकाशात कसा गेला

हे गणित माहीत असूनही सुरुवातीला रडार विमानात मावत नव्हते. १९४५ साली ओकिनावा बेटाजवळच्या लढाईत अमेरिकन आरमाराने त्यावर एक कठोर उपाय केला. मुख्य ताफ्यापासून दूर, शत्रू येण्याच्या दिशांना एकेकट्या विनाशिका पहाऱ्यावर उभ्या केल्या. त्या विमाने आधी पाहत आणि ताफ्याला इशारा देत. पण शत्रूलाही आधी त्याच भेटत. जपानी आत्मघाती वैमानिकांच्या हल्ल्यांत पहाऱ्यावरील या जहाजांची फार मोठी हानी झाली. खेळाच्या भाषेत सांगायचे तर, पाहण्यासाठी सोंगटी बळी द्यावी लागत होती.

त्याच सुमारास ‘अॅव्हेंजर’ या जहाजावरील विमानाच्या पोटाखाली मोठे रडार बसवण्याचे काम अमेरिकेत चालले होते. त्यातून जहाजावरून उडणाऱ्या रडार विमानांची परंपरा सुरू झाली. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ‘ट्रेसर’ आले आणि १९६४ मध्ये ‘ई-२ हॉकआय’ सेवेत आले. हॉकआयची सुधारित रूपे आजही वापरात आहेत. दोन पंख्यांच्या या विमानाच्या पाठीवर सुमारे ७.३ मीटर व्यासाची एक तबकडी असते. तिच्या आत रडारची आकाशिका (अँटेना) असते आणि तबकडीची एक फेरी १० सेकंदांत पुरी होते. विमानात पाच जण असतात: दोन वैमानिक, आणि मागे पडद्यांसमोर बसणारे तिघे. हे तिघे पाहतात, ओळखतात आणि आपल्या लढाऊ विमानांना दिशा सांगतात.

सोंगटी तयार करू

आता कागद घेऊ. पटाचे एक घर २० किलोमीटरचे आणि एक खेळी २० मिनिटांची धरू. ३० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने जाणारे जहाज २० मिनिटांत साधारण एक घर पुढे जाते. ताशी ९०० किलोमीटरचे हल्लेखोर विमान १५ घरे जाते. हॉकआयसारखे विमान ताशी ४८० किलोमीटरने ८ घरे जाते.

दृष्टीचे आकडे आपण काढलेच आहेत. खाली उडणारे विमान जहाजाला २ घरांवर दिसते. तेच विमान ८१०० मीटर उंचीवरून आले तर त्याचे क्षितिज लांब असल्याने जहाजाला ते जवळजवळ २० घरांवर दिसेल. टेहळणी विमानाला मात्र खाली उडणारेही सुमारे २० घरांवर दिसते. (रडारची शक्ती तेवढ्या अंतराला पुरेशी आहे असे आपण धरले आहे.)

हल्लेखोराला येथे निवड करावी लागते. खाली उडावे तर दिसत नाही. पण दाट हवेत जेट विमान इंधन फार खाते, म्हणून पल्ला घटतो. आपल्या नियमात खाली उडण्याच्या प्रत्येक घराला दुप्पट इंधन मोजू. शिवाय खाली उडणाऱ्याचे स्वतःचे क्षितिजही जवळ येते. जो लपतो तो आंधळाही होतो.

एका खेळीची किंमत

हल्लेखोर विमान २ घरांवरून क्षेपणास्त्र सोडू शकते असा नियम करू. टेहळणी विमान नसलेल्या ताफ्याकडे ते १७ घरांवरून निघाले. कोणाला दिसले नाही. त्याने १५ घरांची खेळी केली आणि ते २ घरांवर येऊन पोहोचले. जहाजाला ते दिसले त्याच क्षणी क्षेपणास्त्रही सुटले. बचाव करणाऱ्याला उत्तर देण्यासाठी एकही खेळी मिळाली नाही.

आता ताफ्याच्या डोक्यावर टेहळणी विमान आहे. हल्लेखोर २० घरांच्या बाहेर, समजा २१ व्या घरात आहे. त्याने १५ घरे पुढे येऊन ६ वे घर गाठले. तो दिसला. आता खेळी बचाव करणाऱ्याची. त्याची लढाऊ विमाने १५ घरे जाऊ शकतात, आणि ६ घरांवर शत्रू उभा आहे.

म्हणजे या सोंगटीची सारी किंमत एका खेळीत आहे. ती मारत नाही, वाचवत नाही. जी खेळी अन्यथा मिळाली नसती ती मिळवून देते. ज्या लढाऊ विमानांना सतत आकाशात फिरवत ठेवावे लागले असते, ती जहाजावर तयार उभी राहू शकतात. थोड्या विमानांत अधिक बचाव होतो. माहिती ही साधनांची जागा घेते, हे तत्त्व येथे मोजता येईल अशा रूपात दिसते.

विमान जहाजाच्या डोक्यावर न ठेवता शत्रूच्या दिशेने ८ घरे पुढे नेले तर? त्या बाजूला आता जहाजापासून २८ घरे दिसतील आणि दोन खेळ्या मिळण्याची शक्यता बरीच वाढेल. पण दृष्टीचे वर्तुळ तेवढेच आहे. फक्त त्याचा मध्य सरकला. मागच्या बाजूला २० वजा ८, म्हणजे १२ घरेच उरली. वळसा घालून मागून आलेला हल्लेखोर १३ व्या ते १७ व्या घरात न दिसता उभा राहू शकतो, आणि तेथून एका खेळीत काम साधतो. कागदावर कर्कटकाने दोन वर्तुळे काढली की हे विद्यार्थ्यांच्या चटकन ध्यानात येते.

पाहणाराही दिसतो

आतापर्यंत सोंगटीचे गुणच सांगितले. तिला दोन मोठे दोषही आहेत, आणि खेळाला रंग त्यांमुळेच येतो.

पहिला दोष रडारच्या स्वभावातला आहे. रडार पाहते ते ओरडून. त्याच्या तरंगांना जाऊन परत यावे लागते. शत्रूला मात्र ते एकाच फेरीत ऐकू येतात. प्रतिध्वनी घटून एक-षोडशांश उरतो तेव्हा शत्रूच्या कानावरचा आवाज एक-चतुर्थांश उरलेला असतो. म्हणून रडार जेवढ्या अंतरावरून पाहते त्याहून पुष्कळ दुरून ते ऐकू येऊ शकते. ऐकणाराही ८१०० मीटर उंचीवर असेल तर दोघांची क्षितिजे मिळून ७४२ किलोमीटर, म्हणजे ३७ घरे होतात. आपला नियम असा: टेहळणी विमानाचे रडार चालू असताना शत्रूचे उंचावरील विमान ३७ घरांच्या आत असेल, तर पंचाने त्याला फक्त दिशा सांगायची, अंतर नाही. मात्र दोन वेगळ्या जागांवरून दोन दिशा मिळाल्या की त्या रेषा जेथे छेदतात तेथे विमान सापडते. आणि असे विमान दिसले की जवळपास कोठेतरी विमानवाहू जहाज आहे हेही कळते. मग रडार बंद ठेवून आंधळे राहायचे, की चालू ठेवून स्वतःचा पत्ता सांगायचा?

दुसरा दोष वेळेचा. विमान सहा तास, म्हणजे १८ खेळ्या उडू शकते असे धरू. जाण्यायेण्याच्या दोन खेळ्या वजा करता १६ खेळ्या पहारा होतो. परतल्यावर इंधन आणि तपासणी यांसाठी ९ खेळ्या ठेवू. म्हणजे २७ खेळ्यांच्या प्रत्येक फेऱ्यात एक विमान १६ खेळ्या पाहते. दोन विमाने आलटून पालटून उडवली तर आकाश कधीच रिकामे राहत नाही. एक नादुरुस्त झाले तर मात्र प्रत्येक २७ पैकी ११ खेळ्या ताफा आंधळा असतो. प्रतिस्पर्धी हुशार असेल तर तो हल्ला करण्याची घाई करत नाही. तो आधी ही ११ खेळ्यांची पोकळी कधी येते ते मोजत बसतो.

१९८२: डोळ्याविना आरमार

ब्रिटिश आरमाराजवळ एके काळी ‘गॅनेट’ नावाची रडार विमाने होती. ती उडवण्यासाठी कॅटापुल्ट, म्हणजे विमानाला धक्का देऊन हवेत फेकणारे यंत्र असलेले मोठे जहाज लागे. १९७८ साली ‘आर्क रॉयल’ या शेवटच्या मोठ्या जहाजाबरोबरच गॅनेट विमानेही सेवेतून गेली. उरलेल्या लहान विमानवाहू जहाजांसाठी त्यांच्या जागी काहीच आले नाही.

चारच वर्षांनी, एप्रिल १९८२ मध्ये, अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटे ताब्यात घेतली आणि ती परत मिळवण्यासाठी ब्रिटनने आरमार पाठवले. ‘हर्मिस’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ ही दोन विमानवाहू जहाजे त्यात होती. आकाशात रडार नव्हते. म्हणून विनाशिका पुढे पहाऱ्यावर उभ्या कराव्या लागल्या. ओकिनावाचा जुना उपाय पुन्हा करावा लागला.

४ मे १९८२ रोजी अर्जेंटिनाच्या ‘नेपच्यून’ या जुन्या टेहळणी विमानाने ब्रिटिश जहाजांचा ठावठिकाणा आपल्या रडारने शोधला. त्या माहितीवर दोन ‘सुपर एतांदार’ विमाने पाण्यालगत उडत आली, क्षणभर वर चढून त्यांनी लक्ष्य पाहिले आणि ‘एक्झोसेट’ क्षेपणास्त्रे सोडली. त्यांतील एक पहाऱ्यावरील ‘शेफिल्ड’ या विनाशिकेवर आदळले. २० जण मृत्युमुखी पडले. ओढून नेत असताना १० मे रोजी जहाज बुडाले.

आपल्या पटावर ही घटना मांडून पाहिली तर ती ओळखीची वाटते. एका बाजूला उंचावरचा डोळा होता, दुसऱ्या बाजूला नव्हता. ब्रिटनने त्यानंतर घाईने दोन ‘सी किंग’ हेलिकॉप्टरांवर रडार बसवले. हे काम अवघ्या ११ आठवड्यांत झाले. तोपर्यंत युद्ध संपले होते.

या कथेचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. त्या मोहिमेतील मुख्य जहाज ‘हर्मिस’ पुढे भारताने विकत घेतले. १९८७ साली ते ‘विराट’ नावाने भारतीय नौदलात आले आणि २०१७ पर्यंत सेवेत राहिले. मुंबईकरांनी ते अनेकदा पाहिले आहे. त्यावर कॅटापुल्ट नव्हते. टोकाला वर उचललेल्या उतारावरून विमाने झेप घेत. अशा जहाजावरून हॉकआय उडवता येत नाही. म्हणून आपल्या नौदलाने ‘कामोव्ह-३१’ ही रडार हेलिकॉप्टरे घेतली. उडाल्यावर त्यांच्या पोटाखालची सपाट आकाशिका उघडून फिरू लागते. ३६०० मीटर उंची धरली तर √३६०० = ६०, म्हणून क्षितिज २४७ किलोमीटर, म्हणजे सुमारे १२ घरे. विमानाच्या उंचीपेक्षा कमी, पण डोलकाठीपेक्षा कितीतरी अधिक.

आकड्यांत न मावणारे

खेळ हे वास्तवाचे प्रतिमान असते. ते वास्तव नव्हे. प्रतिमानात काय सुटले हे पाहणे हाही विज्ञान शिकण्याचाच भाग आहे.

पहिली सुटलेली गोष्ट हवा. ४.१२ हा आकडा सर्वसाधारण हवामानाचा. उष्ण कोरडी हवा दमट थंड हवेवर पसरली की तरंग फार अधिक वाकतात आणि समुद्रालगत जणू बोगद्यातून गेल्यासारखे दूर जातात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या रडारवर उन्हाळ्यात अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी येत, हे या विषयातील प्रसिद्ध उदाहरण आहे. हजार किलोमीटरांहून कितीतरी दूरचा हा किनारा आपल्या सूत्राप्रमाणे दिसताच कामा नये.

दुसरी सुटलेली गोष्ट माणूस. आपल्या खेळात ‘दिसले’ म्हणजे कळले. प्रत्यक्षात पडद्यावर ठिपका उमटणे, तो कोणीतरी पाहणे, ओळखणे, सांगणे आणि ऐकणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवणे या पाच वेगळ्या पायऱ्या आहेत. शेफिल्डच्या सोबतच्या ‘ग्लासगो’ या जहाजाला येणाऱ्या विमानांचा सुगावा लागला होता आणि त्याने इशाराही दिला होता. शेफिल्डवर तो वेळीच मनावर घेतला गेला नाही. हवाई संरक्षणाची जबाबदारी असलेला अधिकारी तेव्हा संचालन-कक्षात नव्हता, असे चौकशीत दिसून आले. आकाशातल्या डोळ्याने मिनिटे वाढली असती. ती वापरण्याचे काम माणसांनाच करावे लागले असते.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी आहे. डाव संपला की मेलेल्या सोंगट्या डबीत जातात आणि पुढच्या डावाला पुन्हा बाहेर येतात. शेफिल्डवरील २० जण परत आले नाहीत. मुलांना हा खेळ शिकवताना हे एकदा तरी सांगावे.

वर्गात खेळून पाहा

चौकटींच्या कागदाच्या तीन प्रती घ्या. दोन गटांना एकेक द्या, तिसरी पंचाच्या, म्हणजे शिक्षकांच्या हाती ठेवा. पट किमान ६० × ६० घरांचा असावा. प्रत्येक गटाला एक विमानवाहू जहाज, दोन विनाशिका, चार लढाऊ विमाने, चार हल्लेखोर विमाने आणि दोन टेहळणी विमाने द्या. खेळी चिठ्ठीवर लिहून द्यायची. ज्याला जेवढे दिसते तेवढेच पंचाने सांगायचे. अंतरे घरे मोजून काढू नका, पट्टीने मोजा. कर्णाच्या दिशेने एक घर हे सरळ घराच्या सुमारे १.४ पट लांब असते, हे अनेक खेळ विसरतात.

पहिला डाव संपला की दोन्ही गटांची टेहळणी विमाने काढून घ्या आणि दुसरा डाव खेळा. मग विद्यार्थ्यांना विचारा: लढाऊ विमानाला १० गुण दिले तर टेहळणी विमानाला किती द्याल? तुमच्या दोन टेहळणी विमानांच्या बदल्यात किती हल्लेखोर विमाने घ्याल? उत्तरे वेगवेगळी येतील. प्रत्येकाने आपले उत्तर ‘आम्हाला किती खेळ्या मिळाल्या’ या हिशेबाने पटवून द्यावे.

पुढचे प्रश्न गणिताच्या तासाला देता येतील. विनाशिकेच्या डोलकाठीची उंची २५ ऐवजी ३६ मीटर केली तर खाली उडणारे विमान किती किलोमीटरवर दिसेल, आणि त्यामुळे किती सेकंद वाढतील? टेहळणी विमान ८१०० ऐवजी ४९०० मीटरवर उडवले तर दिसणाऱ्या समुद्राचे क्षेत्रफळ किती टक्क्यांनी घटेल? चंद्राची त्रिज्या सुमारे १७३७ किलोमीटर आहे आणि तेथे हवा नाही. मग तेथे २५ मीटर उंचीवरून क्षितिज किती दूर असेल? शेवटच्या प्रश्नात ४.१२ वापरणाऱ्याला सूत्र पाठ आहे, पण ते कोठून आले हे समजलेले नाही, असे खुशाल समजावे.